पोपटांची पेटी बदनापूरपर्यंत

बाई,

जे तू असेपर्यंत कुणालाच सांगितलं नाही, बायकोला, मंगललासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. तुझी पोपटांची पेटी समुद्रावर कधी गेलीच नाही. गोव्याला नाही, गणपतीपुळ्याला नाही, कुठल्याच किनाऱ्याला नाही. ती बदनापूरपर्यंत जायची. तिथं शकूरभाईच्या पंक्चरच्या दुकानात मी ती मोटरसायकलवरून उतरवून ठेवायचो आणि परतताना पुन्हा बसवून घरी आणायचो. तू फाटकात उभी असायचीस. गाडी बंद व्हायच्या आत पेटीवरून हात फिरवायचीस आणि विचारायचीस, "पानी पाह्यलं का माझ्या पेटीनं?"

मी म्हणायचो, "पाह्यलं की."

तुझा तेरावा होऊन फार दिवस झाले नाहीत. घरातली माणसं आपापल्या गावी गेली, सतरंज्या ज्याच्या त्याला परत दिल्या, आणि पेटी ओसरीत तुझ्या बाजेशेजारी तशीच आहे. तिच्याकडं बघत हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्यापाशी कधी काही लिहून बोललो नाही. आणि तोंडानं बोलायचं म्हटलं तर तुझ्या या लेकाला किती बोलता यायचं ते तुला ठाऊकच आहे. तू म्हणायचीस, "ह्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हंजे अडलेली मेंढी मोकळी करायची."

आता काढतो एकेक.

पेटी घ्यायला गेलो तो दिवस तुझ्या डोळ्यांचा होता. डॉक्टरानं पट्टी काढून काळा चष्मा दिला होता, आणि तो घालून तू माझ्यासोबत पारसशेठच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आलीस. मी नुकतीच लांबच्या प्रवासाची मोठी गाडी घेतली होती. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसानं असली गाडी घ्यावी का, यावर घरात बरंच बोलून झालं होतं. मंगलची कंबर धरलेली, त्यामुळं ती मागं बसणार नव्हती. बियाण्याच्या गोदामात वर्षं काढल्यावर मला नुसतं जायचं होतं, कुठंही. जालन्यातले आम्ही पाच-सात जण होतो, कुणी दुकानदार, कुणी मास्तर, एक दातांचा डॉक्टर. सगळ्यांच्या गाड्यांना मागं काळे चकचकीत बॉक्स होते. मलाही तसाच पाहिजे होता.

पारसशेठनं तुला खुर्ची दिली आणि चष्म्याकडं बघून म्हणाला, "काकू, गाडी तुमीच चालवनार दिसता. सुदामभाऊ मागं बसनार का?"

"त्याला बसू दे म्होरं," तू म्हणालीस. "मला रस्ता सांगावा लागन."

त्यानं बॉक्स काउंटरवर ठेवला. खट् करून पट्टीवर बसवून दाखवला, किल्ली फिरवून काढून दाखवला. तू उठून त्यावर बोटांची हाडं वाजवलीस, दारावर वाजवतात तशी.

"ह्ये डब्बं हाये का पेटी?"

"काकू, फायबर हाये. हत्ती बसला तरी तुटनार न्हाई."

"हत्ती कुठून आनायचा आता? तू बस."

पारसशेठच्या देहाकडं बघून दुकानातली सगळी हसली. तोही हसला, पण बसला नाही. तू त्याचं न बसणं नीट पाहून घेतलंस आणि मला म्हणालीस, "चल."

"काकू, पेटी दुसरीकडं घ्या, पन ती बसवायला कॅरिअर तर माझंच लागंल ना?"

"त्ये दे. आनि भाव बराबर लाव, नातवाच्या लग्नाला बोलवायचंय तुला."

तुला तेव्हा नातू नव्हता, नातच होती आणि ती शाळेत होती. पण पारसशेठनं भाव बराबर लावला.

लोखंडी कॅरिअर माझ्या मांडीवर आणि तू शेजारी, असे आपण रिक्षानं जालन्यातल्याच मस्तगडला गेलो. पेट्यांच्या दुकानात लहान पेटी मोठीच्या पोटात, ती आणखी मोठीच्या पोटात, असे मनोरे लावलेले होते. मी एका कोपऱ्यातली साधी काळी पेटी दाखवली.

"काळी काहून? मयतीला चाललास का?"

मग तुझं लक्ष गेलं त्या हिरव्या पेटीकडं. झाकणावर दोन पोपट, चोचीला चोच लावून, मध्ये गुलाबाचं फूल, कडेनं पिवळी वेल. लग्नात मुलीला देतात तसली. तू ती खाली उतरवायला लावलीस, झाकण उघडून आत वास घेतलास, आणि लुगडं सावरून सरळ तिच्यावर बसलीस. काळा चष्मा, पायात प्लास्टिकची चप्पल, बुडाखाली पोपट. दुकानदार बघत राहिला.

"कुरकुरली का?" तू मला विचारलंस.

"न्हाई."

"मंग झालं."

मी तेव्हा एवढंच म्हणालो, की बाई, लोक हसतील. तू म्हणालीस, "हसू दे. पेटीला काय दुखतंय?" आता कळतं, तू मला दुखेल का हे विचारलं नव्हतंस. ते तुला आधीच दिसलं होतं.

तुझ्या लग्नात पेटी नव्हती. हे तू मला त्याच दिवशी सांगितलंस, परतीच्या रिक्षात. मेंढरांमागं हिंडताना आपलं सगळं घोड्यावर असायचं, आणि घोड्यावर पेटी बसत नाही. तिचे कोपरे जनावराच्या पाठीला टोचतात. म्हणून आपल्यात सगळं गाठोड्यात. पेटी म्हणजे एका जागी राहणाऱ्यांची वस्तू. मेंढरं विकून आपण गावात आलो तेव्हा घेता आली असती, पण तोवर घरात कपाट आलं होतं. "ठेवायची पेटी कुनीबी घेतंय," तू म्हणालीस. "मला हिंडनारी पाह्यजे होती."

ही गोष्ट ऐकूनसुद्धा मी जे केलं ते केलं. म्हणून आधी सांगितलं.

पेटी बसवली रविवारी, अंगणात. तू पायरीवर बसून मुकादमी करत होतीस. मी पेटीच्या बुडाला ड्रिलनं भोकं पाडली तेव्हा तू तोंड फिरवलंस. "नव्या पेटीला भोकं पाडून राह्यला," म्हणालीस, जशी मी कुणाचे कानच टोचत होतो. पेटी आणि कॅरिअर एकमेकांवर घासू नयेत म्हणून मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मध्ये घातल्या, बोल्ट आवळले, पाणी शिरू नये म्हणून भोकांच्या कडेनं पुट्टी भरली. तुला ते रबर आवडलं. घोड्याच्या पाठीवर ओझ्याखाली तू घोंगडीची घडी घालायचीस ना, तसंच.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं, जे कधी मिटलंच नाही.

तुझं म्हणणं, पेटी पुढं घे, सीटवर, माझ्या पाठीला लागून. माझं म्हणणं, पेटी मागं कॅरिअरवर, म्हणजे सीट मोकळं राहतं.

"ओझं म्होरं पाह्यजे," तू म्हणायचीस. "मागं टाकलं तर घोडं चढाला उभं ऱ्हातंय."

"बाई, हे घोडं न्हाई."

"मंग काय हाये? खातंय, पितंय, लाथा मारतंय."

"सीटवर पेटी ठेवली तर मागं कुनी कसं बसंल?"

"मागं कोन बसनारंय तुझ्या?"

पण मी पेटी मागंच बसवली, कारण पाना माझ्या हातात होता.

पहिल्यांदा निघायच्या दिवशी तू पेटी भरलीस. तळाशी तुझी काळी घोंगडी, तुझ्याच घडीची, चार पदरी आणि टोकं आत मुडपलेली. तिच्यावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. माझे कपडे सगळ्यात वर. मी म्हणालो, घोंगडी कशाला, हॉटेलात पांघरूण असतं. तू म्हणालीस, "रिकाम्या बुडाची पेटी वाटंला लावायची न्हाई. बुडात आपलं कायतरी पाह्यजे." आपल्या तळावरही तू हेच करायचीस. तळ हलवताना घोड्यावर पहिल्यांदा घोंगडी जायची, मग भांडी, मग कोंबड्या आणि नवी कोकरं, आणि एके काळी कोकरांच्या शेजारी बांधलेला मी. हे सगळं मी ऐकूनच जाणतो. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवत नाही असं मी स्वतःला सांगत आलो, असं म्हणू या.

शहराबाहेर आमची मंडळी जमली होती. मी गाडी उभी केली आणि दातांचा डॉक्टर ओरडला, "सुदामभाऊ, नवरी कुठंय?"

दुसरा म्हणाला, "मागून वऱ्हाडाचा टेम्पो येऊन राह्यला का?"

मास्तर पोपटांजवळ वाकून म्हणाले, "बोलत्यात का हे?"

त्यात वाईट काही नव्हतं. चांगली माणसं आहेत, तुझ्या मातीला सगळी आली. मीही हसलो. पण हेल्मेटच्या आत माझे कान तापले होते. बदनापूरला पोहोचेपर्यंत मी ठरवून टाकलं. त्यांना सांगितलं, मागच्या चाकात हवा कमी वाटते, तुम्ही व्हा पुढं. आणि शकूरभाईच्या दुकानासमोर थांबलो. तो टायर खोलत होता. मी विचारलं, ही पेटी चार दिवस ठेवाल का? पेटी हलून राह्यलीय, वळणावर गाडी डोलते.

"रख दो ना साब," तो म्हणाला. "पेटी क्या खाना मांगती?"

कपडे आणि दशम्या मी एका पिशवीत घेतल्या, पिशवी सीटला दोरीनं बांधली, आणि पेटी घोंगडीसकट तिथं ठेवून समुद्राकडं गेलो.

पेटी हलत होती हे खरंय. थोडी. एक बोल्ट आणखी आवळला असता तर थांबली असती. गेली कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कारण ते डोलणं होतं. ते नव्हतं. कारण पोपट होते. आणि पोपटांच्या खाली जे होतं ते. गोदामात, या मंडळीत, मुलीच्या शाळेत, कुठंच कुणाला मी सांगितलं नव्हतं की मी घोड्यावर वाढलेला आहे. कुणी गाव विचारलं तर भोकरदनकडचा म्हणायचो आणि विषय बदलायचो. त्या घोड्यावरून उतरायला मी फार वर्षं घातली होती, बाई. आणि तू एका रविवारी अंगणात मला पुन्हा त्याच्यावर चढवलंस, तेही नवरीच्या पेटीसकट. त्या तापलेल्या कानांनी मी तुला बदनापूरला उतरवलं.

पहिल्यांदा परत आलो तेव्हा तुझ्यासाठी शंख-शिंपले आणले होते. बदनापूरला पेटी बसवताना ते घोंगडीवर ठेवले. तू झाकण उघडलंस, शिंपले परातीत काढलेस, पेटीचा तळ हातानं चाचपलास.

"समुद्राकडं वाळू असती म्हनं ना?"

"असती की. लई."

"मंग पेटीत एक खडा कसा न्हाई?"

मी म्हणालो, झटकून आणली. पण पुढच्या वेळी मी काय केलं ते ऐक. किनाऱ्यावर सगळे चहा पीत बसले असताना मी थोडं पुढं गेलो आणि प्लास्टिकच्या पिशवीत ओंजळभर वाळू भरून घेतली. ती बदनापूरला आणून, शकूरभाईच्या डोळ्यांदेखत, पेटीच्या कोपऱ्यांत नि घोंगडीच्या घडीत भुरभुरली. तो हातातला पाना तसाच धरून बघत होता. मी इतका मोठा माणूस, गोदामाचा सुपरवायझर, एका लोखंडी पेटीत मीठ घातल्यासारखी वाळू घालत होतो.

त्यानंतर प्रत्येक वेळी वाळू आणली. मग तू प्रश्न वाढवत गेलीस. पेटी पाण्याच्या किती जवळ ठेवली? लाट आली का? पोपट भिजले का? मी एकदा उत्साहात सांगून बसलो की हो, एक लाट पार चाकापर्यंत आली, पेटी भिजली. तू गंभीर झालीस. म्हणालीस, खारं पाणी लोखंड खातंय. आणि मला बसवलंस ओसरीवर. रॉकेल आणि फडकं दिलंस, मग खोबरेल. बिजागऱ्या, कडी, कोपरे, बूड, सगळं पुसून घेतलंस. मधूनच म्हणायचीस, "त्या कोपऱ्यात ऱ्हायलं बघ. तिकडं लाट लागली आसंल." मी दमून गाडीवरून आलेला, आणि कधी न लागलेलं मीठ पुसतोय. पुढं प्रत्येक सहलीनंतर हा नेमच झाला. वाळू तू झाडून गोळा करायचीस आणि कोरफडीच्या कुंडीत टाकायचीस.

मी एक गोष्ट मात्र हुशारीनं केली होती. पेटीचे बोल्ट बदलून हातानं फिरवायचे नट लावले होते, म्हणजे मंडळी यायच्या आत बदनापूरला पेटी पटकन निघावी. तुला ते दिसले. "आता पाना काहून लागत न्हाई?" तू विचारलंस. मी म्हणालो, जल्दी काम होतं. तू म्हणालीस, "हां. जल्दी तर पाह्यजेच."

यातलं एक मात्र खोटं नाही, आणि ते आठवलं की बरं वाटतं. पिंपळगाव रेणुकाई. तुला देवीला जायचं होतं आणि बस चुकली. मी म्हणालो, बसतेस का गाडीवर? तू इतक्या चटकन बसलीस की मला वाटलं, बस तू मुद्दाम चुकवलीस. सीट मोकळं होतं, कारण पेटी मागं होती. तुझी पाठ पेटीला टेकली, मध्ये घोंगडीची घडी. मांडीवर नारळाची पिशवी, डोक्याला माझं जुनं हेल्मेट, त्याच्यावरून पदर. भोकरदनच्या रस्त्याला लागलो तेव्हा तू माझ्या खांद्यावर थाप मारलीस.

"उभं कर."

मी थांबलो. बाभळी होत्या, एक ओढा होता, कापसाचं रान होतं.

"हितं आपला तळ असायचा. तू हितं चालायला शिकला. त्या खडकाला धरून."

मी खडक पाहिला. साधा खडक होता. तू गाडीवरून न उतरता त्याच्याकडं बराच वेळ बघत बसलीस, पेटीला रेलून. मग म्हणालीस, "चल. देवी वाट बघती." देवळात तू काय मागितलंस मी विचारलं नाही. परत आल्यावर मी मुद्दाम खोडी काढली. "बघ, पेटी मागं होती म्हनून तुला बसता आलं. पाठ टेकली का न्हाई?"

"पाठ बराबर टेकली."

"मंग?"

"मंग काय? पेटी म्होरंच पाह्यजे."

हार मानणं तुझ्या स्वभावात नव्हतं. मला ते तेव्हा चिडवायचं. आता वाटतं, कुणीतरी तसं भांडत राहावं.

तू गेल्यावर बरीच माणसं भेटायला आली. एक दिवस दुपारी शकूरभाई आला. मी चपापलो. मंगल चहा ठेवायला आत गेली तसा तो हळू आवाजात म्हणाला, "साब, एक बात बोलनी थी. अम्मा ने मना करके रखे थे. अब अम्माच नहीं रहे."

मी म्हणालो, तुम्ही बाईला कसं ओळखता?

"अम्मा आते थे ना दुकान पे."

तिसऱ्या की चौथ्या सहलीच्या वेळची गोष्ट. तू बदनापूरला कुणाच्या तरी बारशाला गेली होतीस. मला आठवतंय, तू गेल्तीस, फोनवर मंगलनं सांगितलं होतं. उन्हाची पाणी मागायला तू त्याच्या दुकानात शिरलीस. आणि समोर तुझे पोपट. पेटीवर त्यानं चहाचे ग्लास ठेवले होते.

तू विचारलंस, ही कुनाची पेटी?

त्यानं सांगितलं, एका साहेबांची, समुद्राकडं गेलेत, येताना घेऊन जातात, दर वेळी इथंच ठेवतात. आणि बाई, त्यानं वाळूचंही सांगितलं. साब येताना पेटीत रेती डालते, मालूम नहीं क्यों.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय साब, अम्मा हसने लगे. इत्ता हसे, इत्ता हसे, मैं पानी पिलाया उनको. आँख में से पानी आया. मैं समझा रो रहे. फिर बोले, ग्लास उठव माझ्या पेटीवरून. और बैठ गये."

तू त्याला म्हणालीस, ते माझं लेकरू आहे, मी आल्ते हे त्याला सांगायचं नाही. पेटीखाली लाकडाचे दोन तुकडे ठेव, जमिनीची ओल लागते. आणि पाणी पिऊन गेलीस.

मला वाटलं गोष्ट संपली. शकूरभाई म्हणाला, "फिर तो आतेच रहते थे. आप गये की एक-दो दिन में अम्मा हाजिर. पेटी में से घोंगडी निकालते, उपर डालते, बैठते. ट्रक देखते, गाडियाँ देखते. कभी दशमी लाते, मेरेकू भी देते. मैं पूछता, अम्मा घर में जी नहीं लगता क्या? तो बोलते, मेरा बेटा समुंदर गया, मैं यहाँ तक उसके साथ आयी."

चहा आला. त्यानं चहा पिऊन कप खाली ठेवला. जाताना पेटीकडं बघून म्हणाला, "साब, अब ये दुकान पे मत लाओ. मेरेकू अच्छा नहीं लगेगा, खाली पेटी."

तो गेल्यावर मी ओसरीत बसून हसायला लागलो. मंगल धावत आली, तिला वाटलं मी अखेर रडतोय. थोडं तेही असेल. पण मला ते रॉकेल आठवत होतं, बाई! तुला पक्कं ठाऊक होतं की पेटीला मीठ लागलेलं नाही, लाट आलेली नाही, ती शकूरभाईच्या दुकानात लाकडाच्या तुकड्यांवर सुखात बसलीय. तरी मला ओसरीवर बसवून कोपरान् कोपरा पुसायला लावायचीस. "तिकडं लाट लागली आसंल!" मी खोटं बोलायचो आणि तू त्या खोट्याची मजुरी हातोहात वसूल करायचीस. मला इतकी चोख शिक्षा कुणी केली नाही, आणि करताना कुणी एवढी मजा घेतली नसेल.

फक्त एक कळत नाही. तू बोलली का नाहीस? रागावली असतीस तर मी पेटी नेली असती, लाजेपोटी का होईना. कदाचित म्हणूनच बोलली नाहीस. तुला लाजेनं नेलेली पेटी नको होती. किंवा तुला बदनापूर पुरत असेल. रस्त्याच्या कडेला, आपल्या पेटीवर, आपल्या घोंगडीवर बसून जाणारी-येणारी चाकं बघायची, घरी कुणाला काही सांगायचं नाही. तुझीही एक सहल होती तर. माझ्याइतकीच चोरून केलेली. मला वाटायचं मी एकटाच निघालोय. तू घरापासून वीस-बावीस किलोमीटर माझ्या मागं येऊन बसलेली असायचीस, तोंड माझ्या दिशेनं करून. हे कळल्यापासून मला रात्री झोप लागते, तेवढं सांगतो.

मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे दोघंबी?" आणि मग बराच वेळ भाजी निवडत हसत राहिली.

परवा मी पेटी पुन्हा बसवली. हातानं फिरवायचे नट काढून टाकले, जुने बोल्ट शोधून पान्यानं आवळले. ट्यूबच्या पट्ट्या कडक झाल्या होत्या, नव्या कापून घातल्या. तुझ्या म्हणण्याप्रमाणं पेटी पुढं घेऊन पाहिली, अगदी पाठीला लागून. बाई, गाडी खरंच कमी डोलते. हे कबूल करायला मला तुझं जाणं लागलं, याचं वाईट वाटतं. तरी पेटी पुन्हा मागंच बसवली. सीट मोकळं असावं असं वाटतं. मागं कोण बसणारंय ते माहीत नाही.

घोंगडी तळाशी ठेवली. तुझी घडी मोडायची नव्हती, पण धुताना मोडली होती, तर मी घातली. टोकं आत मुडपायला जमलं नाही नीट. मग निघालो. डॉक्टर चौकात भेटला. पोपट बघून म्हणाला, "अरे, ही परत आली?" मी त्याला म्हणालो, ही माझ्या आईची पेटी आहे. आणि मग चौकात गाडी उभी करून त्याला सांगितलं, आम्ही मेंढरंवाले, माझं लहानपण घोड्याच्या ओझ्यावर गेलं. तो म्हणाला, "मंग आजवर बोलला काहून न्हाईस? मला वाटायचं तू कुनाचा तरी वशिल्याचा मानूस, म्हनून गप्प गप्प." एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

बदनापूर आलं. शकूरभाईनं मला पाहिलं, पाना वर केला. मी थांबलो नाही. गाव मागं पडलं तेव्हा पाठीमागं पेटीची कडी वाजत होती, बारीक, सारखी. करमाडपर्यंत गेलो. तुझी पेटी त्या रस्त्यानं इतकी लांब पहिल्यांदाच आली होती. तिथं चहा घेतला आणि परत फिरलो, कारण कोकणात आता पाऊस आहे आणि गोदामात माल यायचाय.

घरी पेटी उतरवून पुन्हा तुझ्या बाजेशेजारी ठेवली, आणि कोरफडीच्या कुंडीत बघितलं. वर माती आहे, पण बोटानं उकरलं की वाळू लागते. बरीच आहे. समुद्र तुझ्यापर्यंत आला, हे खोटं नाही. तुझी पेटी समुद्रापर्यंत न्यायची राहिलीय. पाऊस सरला की नेणार आहे, पाण्याच्या अगदी कडेला ठेवणार आहे, आणि आल्यावर रॉकेलनं पुसणार आहे. तेवढं तुझं माझ्याकडं बाकी आहे.